एएफमध्ये पक्षाघात टाळणारी गोळी: निवड, मात्रा आणि रोजचा सांभाळ

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे ‘एएफ’. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. नाडी वेडीवाकडी चालते, धडधडते, दम लागतो. काहींना तर काहीच जाणवत नाही. खरे संकट मात्र धडधडीचे नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी जोडलेली असते. तिथे रक्त साचून गुठळी धरते आणि ती सुटली की मेंदूच्या धमनीत जाऊन अडकते. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये सुमारे ९० टक्के गुठळ्या याच पिशवीत तयार होतात. एएफ असला की पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. गुठळी रोखणारे औषध नेमाने घेतले तर तो जवळपास दोन-तृतीयांशाने उतरतो.

अडचण अशी, की या गोळीचा फायदा रुग्णाला कधीच जाणवत नाही. तोटा मात्र ब्रश करताना आलेल्या रक्तातून लगेच दिसतो. मग कुणी गोळी अर्धी मोडतो, कुणी दिवसाआड घेतो. बऱ्याच वेळा डॉक्टरही ‘वय झालंय, कमीच देऊ’ म्हणून निम्मी मात्रा लिहितात. कारण नसताना कमी केलेल्या मात्रेने रक्तस्राव फारसा घटत नाही, संरक्षण मात्र जाते. म्हणून या लेखात औषधांच्या नावांपेक्षा मात्रेचा हिशेब आणि रोजचा सांभाळ यांनाच जास्त जागा दिली आहे.

गोळी कोणाला लागते

आधी ईसीजीवर एएफ सिद्ध झालेला हवा. बीपीच्या यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण उमटली किंवा घड्याळाने इशारा दिला, तर ते ईसीजी काढायचे कारण झाले. तेवढ्यावर औषध सुरू करायचे नसते.

त्यानंतर पक्षाघाताचा धोका सांगणारे चॅड्स-व्हॅस्क गुण मोजतात. हार्ट फेल्युअर १, उच्च रक्तदाब १, मधुमेह १, हार्ट अटॅक किंवा पायांच्या धमन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असल्यास १, ७५ किंवा अधिक असल्यास २, पूर्वी पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेला असल्यास २, आणि स्त्री असल्यास १. पुरुषाला २ आणि स्त्रीला ३ गुण झाले की औषध द्यावेच. त्याहून एक गुण कमी असेल तर डॉक्टर व रुग्णाने मिळून ठरवावे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात स्त्री असण्याचा गुण काढून टाकला. तिथे सरळ २ गुणांना औषध आणि १ गुणाला विचारविनिमय. प्रत्यक्षात निर्णय बहुधा तोच येतो.

एएफ कायमचा आहे की अधूनमधून येतो, याला या हिशेबात स्थान नाही. विजेचा शॉक देऊन किंवा अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणारा भाग जाळणे) करून ठोके सुरळीत झाले, म्हणून गोळी आपोआप सुटत नाही. शॉक नियोजित असेल तर आधी किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे औषध सलग हवे. अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन महिने. पुढचे पुन्हा गुणांवर ठरते.

‘म्हातारं माणूस आहे, पडलं तर?’ हा घरच्यांचा हमखास प्रश्न. पडण्याची भीती हे एकटे कारण औषध नाकारायला पुरेसे नसते, कारण वयाबरोबर गुठळीचा धोका त्याहून वेगाने वाढतो. त्यापेक्षा न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा आणि झोपेच्या गोळ्या कमी करता येतात का ते डॉक्टरांना विचारा.

इकोस्प्रिन चालू असेल तर?

इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) किंवा क्लोपिडोग्रेललाही घरोघरी ‘रक्त पातळ करायची गोळी’च म्हणतात. त्यामुळे ‘ती तर आम्ही घेतोच’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेटवर काम करतात. एएफची गुठळी साचलेल्या रक्तात, गोठण घटकांमुळे होते आणि तिच्यावर अ‍ॅस्पिरिन फार दुबळे ठरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅव्हेरोज चाचणीत अ‍ॅपिक्साबॅनने अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत पक्षाघात निम्म्याहून कमी केले आणि गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. म्हणजे अ‍ॅस्पिरिन ‘सौम्य आणि सुरक्षित’ ही समजूतही टिकत नाही.

एएफसोबत स्टेंट बसवलेला असेल तर दोन्ही प्रकार लागतात, पण ठरावीक काळच. तिन्ही औषधे एकत्र साधारण एक आठवडा, गुठळीचा धोका जास्त असेल तर महिनाभर; नंतर गुठळी-रोधक आणि क्लोपिडोग्रेल सहा महिने ते वर्ष; त्यापुढे बहुतेकांना गुठळी-रोधक एकटेच पुरते. स्टेंटला वर्ष उलटूनही चिठ्ठीवर दोन-तीन औषधे तशीच उतरत आलेली असतील तर थेट विचारा: ‘डॉक्टर, यातली कुठली बंद करायची?’

आधी झडप पाहा

औषध निवडण्यापूर्वी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापाने मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूची) झडप अरुंद झालेले रुग्ण अजून पुष्कळ आहेत. झडपेचे अरुंदपण मध्यम किंवा तीव्र असेल, अथवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर चॅड्स-व्हॅस्कचे गुण मोजत बसायचे नसते. तिथे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉलच द्यायचे. संधिवाती झडपांच्या एएफमध्ये रिव्हारोक्साबॅन वॉरफरिनपेक्षा मागे पडते हे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसले, आणि धातूच्या झडपांवर डॅबिगाट्रान वापरण्याचा प्रयोग गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला होता.

बाकीच्यांसाठी नवी औषधे पहिली पसंती: डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, एडोक्साबॅन. मेंदूतला रक्तस्राव यांत वॉरफरिनपेक्षा स्पष्टपणे कमी होतो आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) तपासावा लागत नाही. भारतीय जेनेरिक आल्यापासून किंमतही बरीच उतरली आहे.

याला एक अपवाद ध्यानात ठेवावा. पंच्याहत्तरी ओलांडलेला, अशक्त झालेला रुग्ण वॉरफरिनसारख्या जुन्या गोळीवर वर्षानुवर्षे स्थिर असेल, तर केवळ ‘नवी चांगली’ म्हणून बदलू नये. नेदरलँड्समधील फ्रेल-एएफ चाचणीत (२०२३) अशा बदलानंतर रक्तस्राव वाढलेला आढळला.

मात्रेचा हिशेब: इथेच बहुतेक चुका होतात

सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन व प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या, पीटी-आयएनआर, रक्तदाब आणि आज काट्यावर उभे राहून घेतलेले वजन एवढे हाताशी हवे. वजन अंदाजाने सांगू नका, कारण पुढचे गणित त्यावरच उभे आहे.

१४० मधून वय वजा करा. उरलेल्याला किलोतील वजनाने गुणा. क्रिएटिनिनला ७२ ने गुणून आलेल्या आकड्याने त्याला भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. याला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज.

समजा, ७८ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१, बीपी आणि मधुमेह दोन्ही. (१४० − ७८) × ४८ = २९७६. भागिले (७२ × १.१) म्हणजे ७९.२, उत्तर ३७.६. गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ३२. लॅबच्या कागदावर त्यांचे क्रिएटिनिन जवळपास ‘नॉर्मल’ दिसेल आणि खाली छापलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा लॅबने काढलेला अंदाज) ५० च्या आसपास असेल, कारण तो आकडा प्रमाणित आकाराचे शरीर धरून काढतात. किडकिडीत वृद्धांमध्ये या दोन आकड्यांत अशी तफावत पडते. मात्रा ठरवायला क्लिअरन्सच वापरायचा.

आता याच आजींना कोणती मात्रा?

अ‍ॅपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते २.५ वर आणायला तीनपैकी किमान दोन अटी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आजींची वजनाची एकच अट भरते, म्हणून पूर्ण मात्रा. आपल्याकडे साठ किलोंच्या आत वजन असलेले वृद्ध इतके आहेत, की नुसते वजन पाहून २.५ लिहिण्याचा मोह होतो, तो चुकीचा. पण याच आजी ८० च्या झाल्या की दुसरी अटही भरते आणि मात्रा २.५ दोनदा होते. वाढदिवसाला चिठ्ठी बदलावी लागणारे हे औषध आहे.

रिव्हारोक्साबॅन एरवी २० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पण क्लिअरन्स १५ ते ४९ असल्यास १५. म्हणजे आजींना १५. ईजीएफआर पाहून लिहिले असते तर २० गेले असते. ही गोळी भरल्या पोटीच घ्यायची. उपाशीपोटी २० मिलिग्रॅममधले दोन-तृतीयांशच अंगी लागते. एकादशीला नुसत्या चहासोबत घेऊ नका. साबुदाण्याच्या खिचडीचे पोटभर ताट चालेल. रोजचे रात्रीचे जेवण ही सगळ्यात सोयीची वेळ.

डॅबिगाट्रान १५० मिलिग्रॅम दोनदा. ८० वर्षांपुढे किंवा व्हेरापामिल (ठोके मंदावणारे औषध) चालू असेल तर ११० दोनदा. यातले ८० टक्के औषध मूत्रपिंडावाटे जाते आणि क्लिअरन्स ३० च्या खाली ते देत नाहीत. आजी त्या कड्यावरच उभ्या आहेत; एका जुलाबाच्या दुखण्यात त्या खाली जातील. त्यांच्यासाठी हे नको. कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही, आणि दमट हवेने ती खराब होत असल्याने मूळ पाकिटातून काढून गोळ्यांच्या डबीत भरायची नाही. कोकणात पावसाळ्यात तर नाहीच. ती पेलाभर पाण्यासोबत, बसून गिळावी. तरी काहींना जळजळ होते आणि तेवढ्यावरून ते औषध सोडतात. तसे असेल तर औषध बदलून घ्या, बंद करू नका.

एडोक्साबॅन ६० मिलिग्रॅम एकदा. क्लिअरन्स १५ ते ५० किंवा वजन ६० किलोंपर्यंत असल्यास ३०.

गिळता येत नसेल तर अ‍ॅपिक्साबॅन आणि रिव्हारोक्साबॅनच्या गोळ्या कुटून, पाण्यात मिसळून देता येतात.

क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर त्याला १० ने भागा; तितक्या महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा. आजींसाठी दर तीन महिने. बाकीच्यांना वर्षातून एकदा, ७५ च्या पुढे सहा महिन्यांनी. उलट्या-जुलाब, तीव्र ताप किंवा खाणे-पिणे तुटले असेल तर तारखेची वाट पाहू नका.

जुनी गोळी आणि आयएनआर

आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा अ‍ॅसिनोकुमारॉल, म्हणजे अ‍ॅसिट्रोम, जास्त लिहिले जाते. एएफसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. धातूची मायट्रल झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. सुरुवातीला तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, स्थिरावल्यावर महिन्याने तपासणी. गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी घ्या. सकाळी रक्त दिले की दुपारी रिपोर्ट येतो आणि मात्रा बदलायची असेल तर त्याच दिवसापासून बदलता येते.

रक्त निळ्या झाकणाच्या नळीत, खुणेपर्यंत भरून घेतले पाहिजे. नळी अर्धवट भरली तर आतल्या द्रवाचे प्रमाण बिघडते आणि आयएनआर खोटाच जास्त दिसतो. शक्यतो लॅब एकच ठेवा.

मात्रेचा विचार दिवसाचा नव्हे, आठवड्याचा करतात. रोज २ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला १४. आयएनआर १.७ आला, तर वाढ ५ ते १५ टक्क्यांत: एक दिवस ३ आणि सहा दिवस २, म्हणजे १५. एकदम रोज ३ केले तर ५० टक्के वाढ होते आणि पुढचा रिपोर्ट ५ च्या पुढे जाऊ शकतो. आधी सतत स्थिर असताना एखादा रिपोर्ट अर्ध्या अंकाने इकडे-तिकडे गेला, तर बहुधा मात्रा तीच ठेवून एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासतात. ४.५ ते १० मध्ये असेल आणि रक्तस्राव नसेल, तर डॉक्टर एक-दोन मात्रा थांबवतात. १० च्या वर गेला तर व्हिटॅमिन के तोंडाने देतात. हे बदल फोन करून, विचारूनच करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची मात्रा लिहा.

पालेभाज्या सोडायला सांगितले जाते ते अनावश्यक आहे. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, चवळई यांत व्हिटॅमिन के भरपूर असते. प्रश्न प्रमाणाचा नसून चढउताराचा आहे. वर्षभर मेथी खाऊन श्रावणात किंवा चातुर्मासात पालेभाजी पूर्ण सोडली, सोबत उपवास वाढले, की आयएनआर वर सरकतो. असे बदल करायचे असतील तर आठवडाभराने एक जादा तपासणी करा. नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही.

गोळी चुकली तर

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी चुकली तर सहा तासांच्या आत आठवल्यास घ्या, नाहीतर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. एकदाच घ्यायची असेल तर मुदत बारा तासांची. जुनी गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही. दोनदाची गोळी चुकून डबल गेली तर पुढची एक वेळ वगळा. घेतली की नाही तेच आठवत नसेल तर, गुठळीचा धोका फार जास्त नसल्यास, दोनदाच्या औषधाची ती वेळ सोडून द्यावी. म्हणूनच वारांची डबी उपयोगी (डॅबिगाट्रान सोडून).

नव्या औषधांचा असर दिवसभरात ओसरतो. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा. गणपतीला गावी जाताना गावातल्या दुकानात नेमकी तीच गोळी आणि तीच मात्रा मिळेल असे धरू नका. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळवा. रिव्हारोक्साबॅन २.५ आणि १० मिलिग्रॅमचेही मिळते, पण त्या मात्रा वेगळ्या आजारांसाठी आहेत.

इतर औषधे

सर्वांत जास्त नुकसान अंगदुखीच्या गोळ्या करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि यांचे पॅरासिटामॉलबरोबरचे जोड मेडिकलमधून न विचारता आणले जातात आणि आठवड्याभरात पोटात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. साधे पॅरासिटामॉल चालते; मात्र जुन्या गोळीवर असाल आणि दिवसाला दोन ग्रॅम सलग काही दिवस घेतले, तर आयएनआर तपासा. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत वेदनाशामके आणि स्टेरॉइड मिसळलेली आढळली आहेत. भाजीतली हळद ठीक, कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत.

जुन्या गोळीचा आयएनआर मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्सझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडॅरोनने चढतो. तोंडातल्या बुरशीसाठी लावायच्या मायकोनाझोल जेलनेही. टीबीसाठीचे रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या फेनिटॉइन व कार्बामॅझेपिनने जुन्या-नव्या दोन्ही गोळ्यांचा असर उतरतो. टीबीचे उपचार सुरू होत असतील तर एएफच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. नवी गोळी अशा वेळी बहुधा बदलावीच लागते. नायट्यासाठी महिनाभर दिले जाणारे इट्राकोनाझोल उलट काम करते, नव्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवते.

गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर आधी गोळीबद्दल सांगा आणि कमरेत इंजेक्शन घेऊ नका. स्नायूत रक्त साकळते.

दात, शस्त्रक्रिया

एक-दोन दात काढायला औषध बंद करायची बहुधा गरज नसते. जुन्या गोळीवर असाल तर आदल्या एक-तीन दिवसांतला आयएनआर दाखवा. नवी असेल तर सकाळची मात्रा पुढे ढकलून काम सकाळीच उरकतात आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या गुळण्या देतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी नवी गोळी साधारण ४८ तास, कमी जोखमीच्या कामाआधी २४ तास थांबवतात. मूत्रपिंड मंद असल्यास, विशेषतः डॅबिगाट्रान, त्याहून आधी. वॉरफरिन पाच दिवस आधी, अ‍ॅसिट्रोम तीनेक दिवस आधी. मधल्या काळात गुठळी रोखणारी हेपरिनची इंजेक्शने बहुतेक एएफ रुग्णांना लागत नाहीत. २०१५ च्या ब्रिज चाचणीत त्यांनी फक्त रक्तस्राव वाढवला. धातूच्या झडपेचे गणित वेगळे. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडून थांबवण्याची तारीख जशी घेता, तशी पुन्हा सुरू करण्याची तारीखही लिहून घ्या. ‘बंद करा’ एवढेच ऐकून महिनोन्‌महिने गोळी बंद राहिल्याने झटका येतो.

रक्त आले तर आणि झटका आला तर

नाकातून रक्त आले तर बसून पुढे झुका, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे दाबा. मध्ये सोडून पाहू नका. थांबले नाही तर रुग्णालय. काळी चिकट शौच, लालसर लघवी, रक्ताची उलटी, कारण नसताना दम आणि फिकटपणा यांसाठी त्याच दिवशी दाखवा (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय तुम्ही घेऊ नका). डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी सीटी स्कॅन करायचाच.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. खायला-प्यायला काही देऊ नका, इकोस्प्रिनही नाही. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, म्हणून माणूस शेवटचा कधी ठीक दिसला ती वेळ लिहून घ्या. तितकीच महत्त्वाची दुसरी वेळ म्हणजे गुठळी-रोधक गोळी शेवटची कधी घेतली ती. नवी गोळी गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत, पण नळीने गुठळी ओढून काढता येते. डॅबिगाट्रानवर असाल तर इडारुसिझुमॅब हा उतारा देऊन पुढे जाता येते. त्यासाठी औषधाचे नाव, मात्रा, वेळा आणि ताजे क्रिएटिनिन लिहिलेला कागद पाकिटात हवा, आणि निघताना गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या.